जुन्या पजेरोचे इंजिन बदलताना

मित्सुबिशी पजेरोची दुसरी पिढी जानेवारी १९९१ मध्ये जपानच्या बाजारात आली आणि १९९९ पर्यंत तिथे विकली गेली. लॅडर फ्रेमची मजबूत चॅसी, पुढच्या चाकांना टॉर्शन बार आणि ताशी १०० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीत दोन चाकांवरून चार चाकांवर जाऊ देणारी सुपर सिलेक्ट पद्धत ही तिची वैशिष्ट्ये होती. भारतात हिंदुस्तान मोटर्सने हीच पिढी २००२ पासून विकली. तामिळनाडूतल्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात जपानी सुट्या भागांतून ती जोडली जाई. सह्याद्रीतल्या घाटवाटांवर आणि कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर अजूनही अधूनमधून ही गाडी दिसते. तेलपाणी वेळेवर झाले तर तिची चॅसी, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस फार काळ टिकतात. इंजिन त्यांच्या आधी थकते. त्यामुळे चांगल्या अंगाच्या गाडीला दुसरे इंजिन द्यायचे की ती मोडीत घालायची, हा प्रश्न मालकासमोर कधी ना कधी येतोच.

या पिढीतल्या डिझेल गाड्यांत दोन इंजिने होती. पहिले ४डी५६. ते २४७७ सीसीचे असून त्याचा बोअर ९१.१ आणि स्ट्रोक ९५ मिलिमीटर आहे. १९९३ मध्ये त्याच्या जोडीला ४एम४० आले. त्याचा बोअर ९५, स्ट्रोक १०० मिलिमीटर आणि क्षमता २८३५ सीसी. टर्बो आणि इंटरकूलरसह ते ४००० फेऱ्यांना १२५ पीएस आणि २००० फेऱ्यांना २९२ न्यूटन-मीटर देते. भारतातल्या २.८ लिटरच्या पजेरोत हेच इंजिन आहे. दोन्हींचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या छोट्या स्वर्ल चेंबरमध्ये फवारले जाते. मोठा फरक टायमिंगमध्ये आहे. ४डी५६ मध्ये पट्टा आहे, ४एम४० मध्ये चेन. ४डी५६ मध्ये बॅलन्स शाफ्ट फिरवणारा आणखी एक लहान पट्टाही असतो. तो तुटला की त्याचे तुकडे टायमिंगच्या पट्ट्यात अडकतात, टायमिंग निसटते आणि रॉकर आर्म मोडतात. एखाद्या लहानशा पट्ट्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे वरचे सगळे काम निघाल्याची उदाहरणे या इंजिनाच्या बाबतीत जगभर आहेत.

बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड बसवण्यात एक कायमची अडचण आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात हेड गॅस्केट हा फरक सांभाळून घेते. पाणी संपले, पंखा घसरला किंवा रेडिएटर चोंदला, की हेड वाकते आणि व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या अरुंद पट्टीत तडे जातात. ही दोन्ही इंजिने घाटात तापली की पहिला घाव हेडवर बसतो, तो यामुळेच.

इंजिन खरोखर गेले आहे का

इंजिन बदलायचा निर्णय बहुतेक वेळा धूर पाहून घेतला जातो. ही घाई होते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे एवढेच कळते. ते रिंगांतून वर येते, व्हॉल्व्हच्या सीलमधून खाली उतरते की टर्बोच्या सीलमधून हवेत मिसळते, हे धुरावरून ठरत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यामागे चोंदलेला एअर फिल्टर, फाटलेला इंटरकूलरचा पाइप किंवा थेंब गाळणारे नोझल असू शकते. थंड इंजिन सुरू करताना येणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो आणि पुष्कळदा एक-दोन ग्लो प्लग बदलले की थांबतो. इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट जळत आहे आणि दोष हेडकडे किंवा गॅस्केटकडे आहे.

खरी परीक्षा कॉम्प्रेशनची. ग्लो प्लग काढून त्या जागी डिझेलचा कॉम्प्रेशन गेज बसवायचा, पंपाचा डिझेल तोडणारा सोलेनॉइड सुटा करायचा आणि पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवायचा. अशा स्वर्ल चेंबरच्या निरोगी डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार दाब मिळतो. चारही सिलेंडरचे आकडे जवळपास सारखे असणे हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. सगळे सिलेंडर सारखेच खाली आले असतील तर इंजिन वयाने झिजले आहे. एकच खाली असेल तर तिथे काहीतरी घडले आहे. पेट्रोल इंजिनात कमी दाबाच्या सिलेंडरमध्ये थोडे तेल टाकून पुन्हा दाब मोजण्याची रीत आहे. डिझेलमध्ये ती फसवी ठरते. इथे पिस्टनच्या डोक्यावर उरणारी जागा इतकी थोडी असते, की ओतलेले तेलच ती व्यापते आणि दाब खोटा वाढतो. त्यापेक्षा सिलेंडरमध्ये बाहेरून दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकावे. तेल भरायच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरकडून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड.

ऑइल प्रेशर डॅशबोर्डवरच्या काट्यावर तपासू नये. सेन्सर काढून तिथे यांत्रिक गेज लावावा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला व २००० फेऱ्यांना नोंद घ्यावी. थंड इंजिनात घट्ट तेलामुळे झिजलेल्या बेअरिंगवरही दाब चांगला दिसतो. या सगळ्या तपासण्यांना अर्धा दिवस लागतो, आणि त्यात कित्येक इंजिने निर्दोष सुटतात. टर्बोचा सील, चार नोझल किंवा एखादा पाइप बदलला की गाडी पुन्हा रस्त्यावर येते.

पहिले इंजिन कशाने गेले

तपासणीत इंजिन खरोखर झिजलेले निघाले, तरी दुसऱ्या इंजिनाचा शोध लगेच सुरू करू नये. आधी जुने उघडावे. या लेखाचा सारा भर इथे आहे, कारण बहुतेक घाट्याचे सौदे इथेच होतात. ज्या कारणाने पहिले इंजिन गेले, ते कारण गाडीत तसेच राहिले तर दुसरेही त्याच वाटेने जाते, आणि बरेचदा अधिक लवकर.

धुळीने गेलेले इंजिन ओळखणे सोपे असते. एअर फिल्टरच्या पुढचा, म्हणजे टर्बोकडे जाणारा पाइप काढून आत बोट फिरवावे. बोटाला बारीक मातीचा थर लागला तर फिल्टर नीट बसत नव्हता किंवा पाइपचा जोड उघडा होता. सिलेंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या रेघा राहिलेल्या नसतात. त्याऐवजी वरून खाली जाणारे बारीक ओरखडे आणि निस्तेज करडा रंग दिसतो. वरची रिंग बोअरमध्ये घालून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजली तर ती कितीतरी वाढलेली निघते. बाहेरून स्नॉर्केल बसवलेल्या गाड्यांत तर हे विशेष पाहावे. स्नॉर्केलचा एकही जोड सुटा राहिला तर तो पाणी अडवत नाही, आणि धूळही थेट आत घेतो.

उष्णतेने गेलेल्या इंजिनात पिस्टनच्या बाजूंवर घासल्याचे उभे चट्टे असतात, गॅस्केट कडक होऊन तुटते आणि हेड सपाट राहिलेले नसते. अशा गाडीचा रेडिएटर वरून धुऊन भागत नाही. टाक्या उघडून नळ्या साफ कराव्या लागतात किंवा नवीन कोअर टाकावा लागतो. रेडिएटरमागच्या पंख्याचा व्हिस्कस कपलिंगही तपासावा. गरम इंजिनावर पंखा हाताने सहज गरगरत असेल तर तो निकामी झालेला असतो.

नोझलचा दोष एकाच पिस्टनवर उमटतो. त्याच्या डोक्यावर एका बाजूला धातू वितळून खड्डा पडलेला असतो आणि बाकीचे तीन पिस्टन ठीक असतात. थेंब गाळणारे नोझल आणखीही एक नुकसान करते. न जळलेले डिझेल भिंतीवरचे तेल धुऊन टाकते आणि खाली उतरून सम्पमधले तेल पातळ करते. असे इंजिन रिंगा आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी झिजते.

तेलाकडे दुर्लक्ष झालेले बेअरिंग हातात घेतले की सगळे सांगते. नव्या बेअरिंगचा आतला थर करडा आणि एकसारखा असतो. झिजला की खालचे तांबूस अस्तर वर येते. सगळ्या बेअरिंगमध्ये तांबे दिसत असेल तर तेल उशिरा बदलले गेले किंवा ऑइल पंप थकला. एकाच बिग एंडमध्ये दिसत असेल तर त्या जर्नलकडे जाणारी तेलाची वाट बुजली आहे का ते पाहावे. म्हणूनच बेअरिंग काढताना प्रत्येकाच्या मागे मार्करने क्रमांक लिहावा. सगळी एका डब्यात टाकली की हा पुरावा संपतो.

पाण्याने गेलेले इंजिन सर्वांत फसवे. पावसाळ्यात ओढा पार करताना हवेच्या वाटेने थोडे पाणी आत गेले, इंजिन एकदा अडखळले आणि पुन्हा सुरू झाले, असे बरेचदा होते. पाणी दबत नाही. पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड किंचित वाकतो. असा रॉड काही महिने चालतो आणि एक दिवस ब्लॉक फोडून बाहेर येतो. उघडल्यावर त्या सिलेंडरचा पिस्टन टॉप डेड सेंटरला इतरांपेक्षा थोडा खाली थांबलेला दिसतो आणि भिंतीवरच्या कार्बनचा पट्टाही खाली असतो. अशा इंजिनात नव्या रिंगा टाकून बंद करणे म्हणजे जाणूनबुजून अपघात पुढे ढकलणे आहे.

कोणते इंजिन टाकावे

मार्ग मुळात तीन आहेत. जुन्याच ब्लॉकचे पूर्ण काम करणे, तयार हाफ इंजिन किंवा फुल इंजिन आणून टाकणे, आणि जपानमधून आलेले वापरलेले इंजिन घेणे. चौथा मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवणे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात तो सर्रास वापरला जातो. भारतात मात्र तो कायद्याच्या वाटेने जात नाही.

वापरलेल्या जपानी इंजिनांचा पुरवठा कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. जपानमध्ये खासगी गाडीची सक्तीची तपासणी पहिल्या तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते, आणि जुनी गाडी त्यातून काढणे महाग पडते. त्यात २००१ मध्ये सुधारलेल्या नायट्रोजन ऑक्साइड आणि धूलिकणांविषयीच्या कायद्यामुळे टोकियो, ओसाका, नागोया या महानगरी पट्ट्यांत जुन्या डिझेल गाड्यांची पुन्हा नोंदणी होणे बंद होत गेले. धडधाकट डिझेल पजेरो आणि मित्सुबिशीच्याच डेलिका गाड्या हजारोंनी बाहेर पडल्या. उजव्या हाताच्या स्टीअरिंगमुळे त्या न्यूझीलंड, ब्रिटन आणि पूर्व आफ्रिकेतल्या देशांत गेल्या. बाकीच्या कापून त्यांची इंजिने विकली गेली. गाडीचा पुढचा भाग इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंगसह कापून विकतात, त्याला हाफ कट म्हणतात. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअरच्या बाजारातही हा शब्द सर्वांच्या तोंडी असतो.

भारतात वापरलेल्या मालाच्या आयातीवर परकीय व्यापार धोरणाचे निर्बंध आहेत. त्यामुळे इंजिनाबरोबर बिल ऑफ एंट्री आणि जीएसटीचे पक्के बिल मिळत नसेल तर ते कितीही चांगले असले तरी घेऊ नये. कागदाशिवायचे इंजिन चोरीच्या गाडीचेही असू शकते, आणि ब्लॉकवरचा क्रमांक खोडलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर मालक फौजदारी प्रकरणात अडकतो.

वापरलेले इंजिन घेताना मायलेजच्या चिठ्ठीवर विसंबू नये. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेऱ्या हाताने फिरवावे. ते चारही कॉम्प्रेशनवर सारखेच जड लागले पाहिजे. तेलाच्या झाकणाखाली काळा चिखल किंवा दुधाळ साय नसावी. पाण्याच्या तोंडात गंजाचा लाल गाळ असेल तर त्या गाडीत कूलंटऐवजी नळाचे पाणी चालले आहे. ग्लो प्लगच्या भोकातून बोरोस्कोप घालून भिंती पाहाव्यात. शक्य असेल तिथे स्टार्टर लावून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि तो आकडा बिलावर लिहून घ्यावा.

आणखी एक खाचखळगा आहे. ४एम४० हे इंजिन पजेरोशिवाय डेलिका स्पेस गिअरमध्ये आणि कँटर या लहान ट्रकमध्येही होते. ब्लॉक त्याच घराण्यातला, पण सम्पचा आकार, ऑइल पंपाची जाळी, डिपस्टिकची जागा, माउंटिंगचे ब्रॅकेट आणि फ्लायव्हील वेगळे असू शकते. पजेरोत इंजिनाखाली पुढचा डिफरन्शियल असतो आणि सम्प त्याला वाट देईल असा बनवलेला असतो. ट्रकचा सम्प तिथे बसत नाही. शिवाय काही जपानी इंजिनांचा डिझेल पंप इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा असतो. यांत्रिक पंपाच्या गाडीत असे इंजिन टाकायचे तर जुन्या इंजिनाचा पंप आणि नोझल त्यावर चढवावे लागतात. म्हणूनच नवे इंजिन चालू होऊन आठवडा लोटेपर्यंत जुन्याचा एकही भाग भंगारवाल्याला देऊ नये.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर जुन्या ब्लॉकचेच काम करून घेणे सर्वांत निर्धोक. इंजिन क्रमांक तोच राहतो आणि आरसी बुकात काही बदलावे लागत नाही. दुसरा ब्लॉक टाकला तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आधी परिवहन कार्यालयाची संमती घ्यावी लागते आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत त्याची नोंद करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. तेव्हा त्याच मॉडेलचे, त्याच इंधनाचे, त्याच क्षमतेचे इंजिन घ्यावे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. ब्लॉकला तडा नसेल आणि बोअर अजून ओव्हरसाइझमध्ये बसत असेल, तर महाराष्ट्रात राहणाऱ्या मालकाने इंजिनाचे कामच करावे, हे या लेखाचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी लागणारे कसब इथे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ते फाउंड्री आणि ऑइल इंजिनांच्या धंद्याबरोबर वाढले. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि हेडचे काम एकाच परिसरात करून मिळते.

मशीन शॉपमध्ये

बोअरची झीज सगळीकडे सारखी नसते. सर्वांत जास्त झीज वरच्या रिंगच्या शेवटच्या थांब्याजवळ होते. तिथे तेल कमी पोचते आणि दाब सर्वाधिक असतो. त्यातही पिस्टनचा रेटा ज्या बाजूला पडतो ती बाजू अधिक झिजते. त्यामुळे बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक उंचीवर दोन काटकोनी दिशांना, म्हणजे सहा ठिकाणी मोजतात. वर आणि खाली यांतला फरक म्हणजे निमुळतेपणा, दोन दिशांतला फरक म्हणजे लंबगोलपणा. सहाही आकडे कागदावर लिहून मागावेत. जो कारागीर डायल गेज लावून आकडे देतो त्याच्याकडेच काम द्यावे. नखाने वरची कड चाचपून ‘रिंगांवर भागेल’ असे सांगणाऱ्याच्या हाती ब्लॉक देऊ नये.

झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा करून त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन टाकतात. पिस्टन आधी हातात यावेत आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्यानुसार बोअर व्हावा. डब्यावर छापलेल्या मापावर बोअर करणे चुकीचे. शेवटच्या होनिंगच्या तिरक्या रेघा तेल धरून ठेवतात आणि त्यांच्यावरच रिंगा बसतात. होनिंगनंतर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने ब्रशने घासून धुवावा. रॉकेलने पुसून होनिंगची कुरुंदाची पूड जात नाही. पांढरे फडके तेलात बुडवून बोअरमधून फिरवल्यावर ते पांढरेच बाहेर आले पाहिजे. ही पूड राहिली तर सगळा खर्च पहिल्या काही तासांत वाया जातो.

क्रँक जर्नल मायक्रोमीटरने मोजून लागल्यास ग्राइंड करतात आणि अंडरसाइझ बेअरिंग टाकतात. त्यानंतर क्रँकमधल्या तेलाच्या सगळ्या वाटा ब्रश घालून साफ करणे हे ग्राइंडिंगइतकेच आवश्यक काम आहे. हेड दाबाच्या चाचणीशिवाय परत घेऊ नये. बाहेरून न दिसणारा तडा गरम पाण्यात बुडवून आत हवा सोडल्यावरच सापडतो.

हेड गॅस्केटची निवड हा या इंजिनांतला नाजूक मुद्दा. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या पातळीच्या किती वर डोकावतो ते चारही सिलेंडरवर डायल गेजने मोजतात आणि त्यानुसार ठरावीक जाडीचे गॅस्केट घेतात. गॅस्केटच्या कडेवरच्या खाचा किंवा खुणा ती जाडी सांगतात. जुन्यावर जेवढ्या खाचा होत्या तेवढ्याच नव्यावर बघून घेणे पुरेसे नाही, कारण ब्लॉक घासला गेला असेल तर पिस्टन आता अधिक वर येतात. गॅस्केट पातळ पडले तर पिस्टन हेडला लागतो. जाड पडले तर २१ पट दाबणारे इंजिन थंडीत सुरू व्हायला कुरकुर करते.

उतरवणे आणि चढवणे

इंजिन उतरवण्याचे काम जेवढे दिसते त्यापेक्षा सावकाशीचे आहे. बॉनेट काढून टाकायचे, बॅटरी सोडायची, कूलंट आणि तेल रिकामे करायचे. रेडिएटर, पंखा आणि बॉनेटवरच्या हवेच्या तोंडाखाली बसवलेला इंटरकूलर बाहेर येतो. एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टीअरिंगचा पंप पाइप न सोडता, बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतात. त्यामुळे गॅस वाया जात नाही. प्रत्येक वायर आणि व्हॅक्यूमची नळी सोडण्याआधी फोटो काढून तिला चिकटपट्टीवर क्रमांक द्यावा. पंचवीस वर्षांच्या उष्णतेने वायरिंगचे प्लॅस्टिकचे जोड ठिसूळ झालेले असतात. त्यांना आधी थोडी ऊब द्यावी, ओढू नये.

बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट वरून हाताला लागत नाहीत. गाडीखालून, गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूने लांब एक्स्टेंशन घालून ते सोडतात. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस गाडीतच ठेवायचे असतील तर त्यांच्याखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्यावाच. हे जोडकाम नुसते मागच्या माउंटिंगवर लटकत ठेवले की माउंटिंग फाटते आणि इनपुट शाफ्टवर भार येतो. इंजिन दोनशे किलोंहून जड असते. चेन ब्लॉकची साखळी इंजिन उचलण्यासाठी दिलेल्या कड्यांना लावावी, इनटेकच्या मॅनिफोल्डला नाही. इंजिन आधी पुढे सरकवून शाफ्टमधून मोकळे करायचे आणि मगच पुढची बाजू उचलून तिरके वर काढायचे, म्हणजे सम्प पुढच्या डिफरन्शियलला लागत नाही.

इंजिन बाहेर असताना जी कामे स्वस्तात होतात ती टाळणे म्हणजे पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा देणे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचा मागचा सील, इंजिन माउंटिंग, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, सगळे रबरी होज आणि ब्लॉकच्या बाजूचे गंजलेले वेल्च प्लग ही ती यादी. ४एम४० मध्ये चेन, तिचा टेन्शनर आणि गाइड बदलून घ्यावेत, ४डी५६ मध्ये दोन्ही पट्टे. पहिल्या इंजिनाची बेअरिंग गेली असतील तर ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या नव्याच घ्याव्यात. धातूचा चुरा त्यांत अडकून राहतो आणि कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही. इंटरकूलरमध्ये साचलेले तेलही धुऊन काढावे. ते तसेच राहिले तर सुरू झाल्यावर इंजिन तेच तेल इंधन म्हणून जाळते आणि फेऱ्या हाताबाहेर जाऊ शकतात.

चढवताना एकच नियम सगळ्यांच्या वरचा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सची तोंडे हाताच्या जोराने मिळाली पाहिजेत. दोन बोटांची फट उरली म्हणून बोल्ट आवळून ती खेचून घेतली, की क्लचची प्लेट वाकते किंवा हाउसिंगला तडा जातो. फट राहण्याचे कारण बहुधा क्लच मध्यावर नसणे हे असते. प्लेट बसवताना अलाइनमेंटचा दांडा वापरला तर हा प्रश्न येत नाही. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या आत पूर्ण बसला आहे का ते आधी मोजून घ्यावे. तो अर्धवट बाहेर असताना इंजिन जोडले तर गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटतो, आणि मग गिअरबॉक्सचेही काम काढावे लागते.

पहिला स्टार्ट आणि रनिंग-इन

तेल भरल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन सुरू करू नये. टर्बोच्या तेलाच्या नळीत थोडे तेल ओतावे, डिझेलचा सोलेनॉइड सुटा ठेवावा आणि थांबून थांबून स्टार्टर फिरवावा. ऑइल प्रेशरचा दिवा विझला आणि गेजवर दाब दिसला, की मगच सोलेनॉइड जोडावा. डिझेल फिल्टरवरच्या हातपंपाने लाइनमधली हवा काढावी. नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून स्टार्टर मारल्यावर बुडबुड्यांशिवाय डिझेल आले की ते आवळावेत. अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनाचेच तेल जाते. त्याची नळी जोडायची राहिली तर ब्रेक जड होतात. त्यामुळे गाडी हलवण्याआधी पॅडल दाबून पाहावे. कूलंट भरताना गाडीचे तोंड उंचावर ठेवावे आणि हीटर सुरू ठेवावा. हेडमध्ये अडकलेली हवा नवे गॅस्केट पहिल्याच दिवशी जाळू शकते.

इंजिन सुरू झाल्यावर ते तासन्‌तास आयडलिंगवर ठेवण्याची पद्धत काही गॅरेजमध्ये अजून आहे. ती नुकसान करते. रिंगा बसण्यासाठी त्यांच्या मागे ज्वलनाचा दाब लागतो आणि तो भाराशिवाय येत नाही. बिनभाराच्या इंजिनात होनिंगच्या रेघांवर तेलाचा गुळगुळीत लेप चढतो. मग रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि नवे इंजिन आयुष्यभर तेल खाते. तेव्हा गळती तपासून झाली की गाडी रस्त्यावर काढावी. मध्यम भार द्यावा, एकाच वेगात फार वेळ चालवू नये, पहिल्या हजार-पंधराशे किलोमीटरपर्यंत ट्रेलर ओढू नये आणि घाटात खालच्या गिअरला रेटू नये. या काळात साधे मिनरल तेल वापरावे. पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावेत, जुना फिल्टर कापून त्याच्या कागदात धातूचे कण आहेत का ते पाहावे. थोडी करडी पूड अपेक्षितच असते. चमकणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच थांबवावी. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही हे त्या बोल्टांच्या प्रकारावर ठरते. ताणून बसवायच्या बोल्टांना परत पाना लावू नये.

या कामात पैसा सगळीकडून लागतो आणि शेवटी हात आखडता घ्यायची वेळ येतेच. ती आली तर रंग, टायर, सीट कव्हर, गाण्यांची सिस्टिम हे सगळे मागे ठेवावे. रेडिएटर, नोझल, एअर फिल्टरचे जोड आणि ऑइल कूलर यांवर मात्र काट मारू नये. यांतले काही आत्ता परवडत नसेल, तर इंजिन स्टँडवर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावे आणि पैसे जमेपर्यंत दोन महिने थांबावे.